'नोटीस मिळाल्यापासून' की 'नोटीस दिल्यापासून'?

आदरणीय मॅडम,

वकिलीत येऊन मला तीन वर्षं झाली. एका सिनिअरांच्या चेंबरमध्ये करारांचं काम बघते. गेलं वर्षभर मसुदे करताना मी एआय चॅटबॉट वापरते आहे. सरांना हे माहीत नाही. माझे मसुदे सफाईदार असतात म्हणून ते इतर ज्युनिअरना माझं उदाहरण देतात.

मागच्या महिन्यात एका पुरवठा कराराचा इंग्रजी मसुदा दोन्ही बाजूंनी मान्य झाला होता. सह्यांआधी सरांनी तो 'भाषा जरा एकसारखी करून घे' म्हणून माझ्याकडे दिला. मी सगळाच्या सगळा करार चॅटबॉटला दिला. आलेली प्रत वरवर वाचली, चांगली वाटली, पाठवून दिली. अशिलाला हवी असलेली मराठी प्रतही त्याच्याकडूनच करून घेतली. सह्या झाल्या. तीन आठवड्यांनी दुसऱ्या कामासाठी तो करार उघडला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. कलम १४ मध्ये मुळात असं होतं, की दोषाची लेखी नोटीस मिळाल्यापासून ३० कामकाजाच्या दिवसांत पुरवठादाराने दोष दूर करायचा, नाहीतर खरेदीदाराला करार संपवता येईल. आता तिथे 'नोटीस दिल्यापासून ३० दिवसांत' असं आहे. आमचा अशील पुरवठादार आहे.

कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. अजून एकही नोटीस आलेली नाही, कदाचित कधी येणारही नाही. मी सांगू का? की गप्प राहून पुढच्या वेळी काळजी घेऊ? चॅटबॉट पूर्ण बंद करू का? खरं सांगते, आता कोऱ्या कागदावर मसुदा सुरू करायची मला भीती वाटते.

– एक ज्युनिअर


प्रिय मैत्रिणी,

माझ्या चेंबरमधल्या मुलामुलींना मी अरे-तुरे करते, तसंच तुलाही करते आहे. राग मानू नकोस.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. सांग. उद्या सर आले की पहिलं काम तेच कर. 'कदाचित नोटीस कधी येणारही नाही' या वाक्यावर तू तीन आठवडे रेटले नाहीस, चूक दिसल्यावर लगेच पत्र लिहिलंस, हे मला फार बरं वाटलं. पण ते वाक्य आता मनातून काढून टाक.

आजची परिस्थिती तुझ्या बाजूची आहे, ती नीट समजून घे. अजून दोष निघालेला नाही, नोटीस निघालेली नाही, त्यामुळे त्या चुकीच्या शब्दांचा फायदा अजून कोणालाही झालेला नाही. खरेदीदाराला आज कोणी म्हणालं, की 'आपलं ठरलं होतं तसं कलम १४ पुन्हा लिहू या', तर नाही म्हणण्याचं त्याच्याकडे फारसं कारण नाही. ज्या दिवशी पहिली नोटीस निघेल त्या दिवशी हे सगळं पालटेल. आठवड्याला पाच कामकाजाचे दिवस धरले तर ३० कामकाजाचे दिवस म्हणजे सहा आठवडे, ४२ दिवस. नुसते ३० दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस. शिवाय मोजणी नोटीस हातात पडल्यावर सुरू होण्याऐवजी ती पाठवल्याच्या दिवसापासून सुरू झाली. तुझ्या अशिलाचे १२ दिवस आणि वर टपालाचा काळ, एवढं गेलं. सुटा भाग मागवून बसवायला लागणारा वेळ कदाचित एवढाच असेल. तेव्हा समोरच्याला हे चुकीचे शब्दच सोयीचे वाटायला लागतील आणि आज जे काम एका पानात होईल त्यासाठी दावा लढावा लागेल.

दुसरं कारण तुझं स्वतःचं आहे. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातलं २०२३ सालचं प्रकरण तू ऐकलं असशील. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे लेखी युक्तिवादात घातले आणि त्यातले सहा अस्तित्वातच नव्हते. हे प्रकरण सगळीकडे 'एआयने घात केला' अशा मथळ्याखाली सांगितलं जातं, पण आदेश वाचलास तर भर दुसरीकडेच दिसतो. विश्वासार्ह एआय साधनाची मदत घेण्यात मुळात काही गैर नाही, असं न्या. केव्हिन कास्टेल यांनी त्यात स्वच्छ म्हटलं आहे. समोरच्या बाजूने 'हे निवाडे आम्हाला सापडत नाहीत' असं सांगितलं, न्यायालयाने प्रती मागितल्या, तरीही ते वकील त्या निवाड्यांना चिकटून राहिले. ५,००० डॉलरचा दंड झाला तो मुख्यतः त्या चिकटून राहण्यामुळे. त्याशिवाय ज्या न्यायाधीशांच्या नावावर खोटे निवाडे खपवले गेले होते, त्या प्रत्येकाला पत्र लिहून कळवायचीही पाळी आली. शंका आली त्याच दिवशी त्यांनी युक्तिवाद मागे घेतला असता, तर आज त्यांचं प्रकरण कोणाच्या ध्यानातही नसतं. तू आत्ता त्या दिवसावर उभी आहेस.

सरांकडे जाण्याआधी काय करायचं ते सांगते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही ते. चॅटबॉटमधला तो संवाद पुसू नकोस. मला माहीत आहे, पहिला हात तिथेच जाईल. पण तो संवाद हा तुझ्या बाजूचा पुरावा आहे. तू 'भाषा एकसारखी कर' एवढंच सांगितलं होतंस, कलम बदल असं सांगितलं नव्हतंस, हे त्यातून दिसतं. इंग्लिश कायद्याच्या परंपरेतल्या बहुतेक देशांत दस्तात दोन्ही पक्षांचा खरा हेतू उतरला नसेल तर तो दुरुस्त करून मागता येतो, पण तो समान हेतू सिद्ध करावा लागतो. तुमच्याकडे त्यासाठी काय आहे? दोन्ही बाजूंनी मान्य झालेला आधीचा मसुदा, वाटाघाटीतले ईमेल आणि अंतिम प्रत पाठवताना तू लिहिलेला ईमेल. त्या ईमेलमध्ये 'फक्त भाषेचे बदल केले आहेत' असं काही लिहिलं असशील तर आज ते वाक्य तुझ्या अशिलाच्या उपयोगी पडणार आहे. हे सगळं एका फोल्डरमध्ये जमा कर, तारखांसकट. कशालाही हात लावू नकोस, फाइलचं नावसुद्धा बदलू नकोस.

पुढचा निर्णय सरांचा आणि त्यानंतर अशिलाचा. अशिलाला सांगणं टाळू या, असं सर म्हणाले तर? म्हणतील असं मला वाटत नाही, पण म्हणालेच तर तू शांतपणे एवढंच सांग, की कराराचा मालक अशील आहे आणि त्याच्या हातातून १२ दिवस गेले आहेत हे त्याला कळायला हवं. बहुधा शेवट साधाच होईल. दोन्ही बाजूंच्या सहीचा एक पानी पुरवणी करार, कलम १४ मूळ मान्य शब्दांत, आणि हे शब्द पहिल्या दिवसापासून लागू समजायचे असं एक वाक्य.

आता एक दुसरी गोष्ट, जिचा तुझ्या पत्रात उल्लेखही नाही. 'सगळाच्या सगळा करार चॅटबॉटला दिला' असं तू सहज लिहून गेलीस. त्यात अशिलाचं नाव होतं, खरेदीदाराचं होतं, दर होते, आणि बहुतेक गोपनीयतेचं कलमही होतं. हे कोणत्या खात्यातून केलंस? तुझं स्वतःचं, फुकटचं खातं असेल तर आज त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघ, की तुझे संवाद मॉडेल शिकवण्यासाठी वापरायला तू परवानगी देऊन ठेवली आहेस का. असेल तर ती बंद कर आणि हेही सरांना सांग. कलम १४ची चूक एका पानाने मिटेल. बाहेर गेलेली माहिती परत बोलावता येत नाही, म्हणून मला तुझ्या पत्रातलं हे वाक्य जास्त खटकलं. पुसलं म्हणजे गेलं, असंही धरून चालू नकोस. २०२५ मध्ये एका कॉपीराइटच्या दाव्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला वापरकर्त्यांनी पुसलेले संवादसुद्धा जपून ठेवायला सांगितलं होतं. ती सक्ती पुढे उठली, पण तेवढे महिने कित्येकांचं 'पुसलेलं' शाबूत होतं.

अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये या विषयावर औपचारिक मत दिलं, त्याचा क्रमांक ५१२. दिलेल्या माहितीतून स्वतः शिकणाऱ्या साधनात अशिलाची गोपनीय माहिती घालायची असेल तर आधी त्याची माहितीपूर्ण संमती घ्यावी, आणि वकीलपत्राच्या ठरावीक मजकुरात एक सर्वसाधारण वाक्य घुसवून ती मिळाली असं मानू नये, असं त्यात म्हटलं आहे. ते मत तुला बंधनकारक असो वा नसो, त्यामागचा विचार कुठल्याही वकिलाला लागू पडतो. अशिलाने विश्वास तुमच्या चेंबरवर टाकला होता. तिसऱ्या कोणाला ते कागद दाखवायचे तर त्याला विचारायला हवं होतं. यापुढे नावं, दर, पत्ते काढून 'पुरवठादार' आणि 'खरेदीदार' एवढंच ठेवून काम होत असेल तर तसंच कर. बऱ्याचदा होतं. आणि चेंबरने व्यवस्थित अटी वाचून घेतलेलं, वकिलांच्या कामासाठीचं खातं असेल तर उत्तमच.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. कलम १४ बदललं कसं?

तू भाषा एकसारखी करायला सांगितलीस. हे यंत्र लिहितं कसं, तर आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ठरवत ठरवत. ते ज्या अगणित मजकुरावर शिकलं आहे त्यात 'नोटीस दिल्यापासून ३० दिवसांत' ही शब्दांची माळ फार वेळा आलेली असणार. 'नोटीस मिळाल्यापासून ३० कामकाजाच्या दिवसांत' ही कमी वेळा. भाषा गुळगुळीत करताना त्याने तुझं वाक्य नेहमीच्या वाक्याकडे ओढलं, असं मला वाटतं. आणि इथेच आपल्या कामाची सगळी मेख आहे. वाटाघाटीच्या टेबलावर अशिलासाठी आपण जे काही मिळवतो ते नेहमीच्या वाक्यापासून बाजूला सरकूनच मिळवतो. ते 'मिळाल्यापासून', ते 'कामकाजाच्या' कोणीतरी भांडून घेतलेले शब्द होते. कदाचित त्यासाठी दुसरीकडे काहीतरी सोडावं लागलं असेल. यंत्राला ते भांडण माहीत नाही. त्याला तो नुसता ओबडधोबडपणा दिसतो आणि ते त्याच्यावरून रंधा फिरवतं.

म्हणून मान्य झालेल्या मसुद्याची 'स्वच्छ प्रत' चॅटबॉटकडून कधीही घेऊ नकोस. हा एक नियम पाळलास तरी तुझे निम्मे धोके टळतील. त्याच्याकडून बदलांच्या सूचना माग, कलमवार. मूळ वाक्य जसंच्या तसं, खाली सुचवलेलं वाक्य, आणि बदल कशासाठी तेही. पटतील तेवढेच बदल मूळ फाइलमध्ये तू स्वतः ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दिसत ठेवणारी वर्डची सोय) लावून कर. आणि प्रत कुठूनही आलेली असो, सही होण्याआधी ती शेवटच्या मान्य प्रतीशी वर्डच्या कंपेअरने ताडून बघ. त्याला कायदा कळत नाही, पण शब्द बदलला की तो लाल रेघ ओढतोच. तुझ्या कलम १४वर त्याने दोन लाल रेघा ओढल्या असत्या.

मी नवी होते तेव्हा जुन्या करारावरून नवा करार करायची पद्धत होती. आजही आहे. एकदा मी असाच एक करार उतरवून काढला आणि आधीच्या अशिलाचं नाव एका कलमात तसंच राहून गेलं. माझ्या सिनिअर बाईंनी तो पकडला, पण डोळ्यांनी नाही, कानांनी. त्यांच्याकडे रिवाज होता, की अंतिम प्रत एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायची. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. त्या दिवशी मी वाचत होते आणि भलतंच नाव माझ्याच तोंडून निघालं. मला घाम फुटला. बाई एवढंच म्हणाल्या, 'पुढे वाच.' त्या वाचनाला तासन् तास लागायचे आणि आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. आज मला वाटतं, करार म्हणजे काय हे मी तिथेच शिकले. वाचताना जीभ अडखळली की तिथे काहीतरी असायचं. चॅटबॉटची प्रत वाचताना जीभ कुठेच अडखळत नाही, म्हणून ती जास्त सावधपणे वाचावी लागते. तुझ्याबरोबरच्या एखाद्या ज्युनिअरला घेऊन बस आणि निदान मुदती, रकमा, नोटिसा आणि करार संपवण्याची कलमं तरी अशी वाच.

चॅटबॉट पूर्ण बंद करू का, असं विचारलं आहेस. बंद करू नकोस. त्याच्याशी बोलायची पद्धत बदल. सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारता येत नाहीत, हे तुला कायद्याच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. कारण साक्षीदार प्रश्नातलंच उत्तर उचलतो. आता चॅटबॉटला तू काय विचारतेस ते आठव. 'हे कलम आमच्या बाजूने ठीक आहे ना?' हा सूचक प्रश्न आहे, आणि ही संभाषण करणारी यंत्रं विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतात. त्याच कलमाबद्दल 'यात आमचं नुकसान आहे ना?' असं विचारून बघ, त्याचीही कारणं तितक्याच आत्मविश्वासाने मिळतील. न्यूयॉर्कच्या त्या वकिलाने चॅटजीपीटीला विचारलं होतं, की हे निवाडे खरे आहेत का. खरे आहेत आणि नामांकित कायदेविषयक डेटाबेसमध्ये सापडतील, असं उत्तर आलं.

मग विचारायचं कसं? बाजू सांगू नकोस. 'कलम १४ प्रमाणे मुदत कोणत्या दिवशी सुरू होते, ज्या शब्दांवरून म्हणतोस ते शब्द जसेच्या तसे दे.' मग ते शब्द मूळ करारात स्वतः शोध. किंवा मुद्दाम समोरच्याच्या खुर्चीत बसव: 'तू खरेदीदाराचा वकील आहेस, या करारातून लवकरात लवकर बाहेर पडायचं आहे, कोणती कलमं वापरशील?' हे काम ही यंत्रं खरोखर छान करतात. मी स्वतः करून घेते आणि कधी कधी माझ्या नजरेतून निसटलेली पळवाट त्यातून हाती लागते. व्याख्या दिली आहे पण पुढे कुठे वापरलीच नाही असे शब्द, वापरले आहेत पण व्याख्या नाही असे शब्द, ज्याचा उल्लेख आहे पण जोडलेलंच नाही असं परिशिष्ट, सगळ्या तारखांची यादी, अशिलाला साध्या भाषेत समजावणारं टिपण, अशिलाला विचारायचे राहून गेलेले प्रश्न: या कामांत त्याचा हात धरायला हरकत नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट तुला कागदावर पडताळता येते. फक्त लांबलचक करार एकदम देऊ नकोस. मोठ्या मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं या यंत्रांना बरं पकडता येतं आणि मधलं निसटतं, असं २०२३ मधल्या संशोधनात दिसलं होतं. यंत्रं सुधारत आहेत, तरी दहा-बारा कलमांचे तुकडे करून देण्यात तुझं काही जात नाही.

साक्षीदाराची उपमा मी दिली, पण ती एका जागी तोकडी पडते. साक्षीदाराने निदान काहीतरी पाहिलेलं असतं. यंत्राने काहीही पाहिलेलं नसतं. त्यामुळे निवाडे आणि कायद्याची कलमं याबाबतीत त्याचा शब्द हा शोधायला दिलेला धागा समज. मूळ निवाडा स्वतः उघडून वाचल्याशिवाय तो कुठेही लिहू नकोस. खास वकिलांसाठी बनवलेली महागडी साधनं वापरली तरी ही सूट मिळत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशी नामांकित साधनं तपासली, तेव्हा १७ ते ३३ टक्के वेळा त्यांनीही चुकीची किंवा निराधार उत्तरं दिली होती. आणि अशिलाने आणून दिलेल्या गोष्टींनाही हाच नियम लाव. जून २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात ४५ दाखल्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते. ते शोधले होते अशिलाने, एआय वापरून. वकिलाने त्याच्यावर भरवसा ठेवला. न्यायालयाने जाब विचारला तो वकिलालाच. इथून पुढे अशील चॅटबॉटने केलेले मसुदे घेऊन आपल्याकडे येणार आहेत, तेव्हा हे लक्षात ठेव.

मसुद्यातल्या कलमांचंही तेच. हे यंत्र कुठल्या देशाच्या कायद्याची सवय घेऊन आलं आहे ते कळत नाही. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, असं कलम ते अगदी भारदस्त भाषेत लिहून देईल. इंग्लंडमध्ये ते वाजवी असेल तर टिकू शकतं. कॅलिफोर्नियात टिकत नाही, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढेही टिकत नाही. कागद मात्र तिन्हीकडे सारखाच रुबाबदार दिसतो.

आता ती मराठी प्रत. मला तिची इंग्रजी प्रतीइतकीच काळजी वाटते, कारण अशील वाचणार तीच. आज ती काढ आणि दोन गोष्टी बघ. इन्डेम्निटी (दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते आपण भरून देऊ ही हमी) आणि डॅमेजेस (करार मोडल्याबद्दल द्यावी लागणारी भरपाई) या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, पण भाषांतरात दोन्हींचं 'नुकसानभरपाई' होऊन बसतं, आणि मग कुठलं कलम काय म्हणतं हे मराठीत कळेनासं होतं. दुसरं म्हणजे बंधन आणि मुभा. 'पुरवठादाराने कळवावे' हे वाक्य बंधन आहे की सूचना? इंग्रजीत 'शॅल' असेल तिथे मराठीत 'कळवणे बंधनकारक राहील' असं स्पष्ट हवं, आणि 'मे' असेल तिथे 'कळवू शकेल'. यंत्र एका कलमात 'कळवावे' लिहितं, दुसऱ्यात 'कळवेल', तिसऱ्यात 'कळवू शकतो', आणि वाचणाऱ्याला ओघवतं वाटतं. दोन प्रतींत फरक पडला तर कोणती प्रमाण मानायची, याचं कलम करारात आहे का तेही बघ. नसेल तर त्याच पुरवणी करारात घालून घ्या.

राहिली कोऱ्या कागदाची भीती. तुझ्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तीन वर्षांच्या वकिलाला ही भीती आधीही वाटायचीच, मलाही वाटायची. फरक एवढाच, की आम्हाला त्या भीतीत बसून राहण्यावाचून इलाज नव्हता आणि बसून बसून ती कमी झाली. तुला बाहेर पडायचं दार हाताशी आहे. म्हणून पुढचे सहा महिने एक कर. नवं काम आलं की चॅटबॉट उघडण्याआधी एक पान हाताने लिही. कोण कोणाला काय देणार, कधी देणार, दिलं नाही तर काय, पैसे अडकले तर काय, भांडण झालं तर कुठे जायचं आणि यातून बाहेर कसं पडायचं. कायद्याची भाषा नको, घरी कोणाला समजावून सांगशील तशी. हे पान लिहिताना जिथे पेन थांबेल तिथे अशिलाला फोन कर. तो सांगेल, की समोरचा पैसे वेळेवर देतो पण माल तपासायला उशीर लावतो, किंवा मागच्या वेळी एक नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि कोणाला मिळालीच नाही. 'मिळाल्यापासून' हा शब्द करारात येतो तो अशा फोनमधून. ते पान लिहून झाल्यावर मग खुशाल चॅटबॉटला मसुद्याचा सांगाडा माग आणि त्याचं प्रत्येक कलम तुझ्या पानाशी लावून बघ.

उद्याचं पुन्हा एकदा सांगते. एका कागदावर डावीकडे मान्य झालेलं कलम १४ आणि उजवीकडे सही झालेलं कलम १४ छाप, बदललेले शब्द अधोरेखित कर. खाली पुरवणी कराराचा चार ओळींचा मसुदा, आणि तो तू स्वतः लिहिलेला असू दे. सरांच्या टेबलावर तो कागद आधी ठेव आणि त्यांचं वाचून झाल्यावर बोलायला लाग. चॅटबॉट वापरत होतीस हे पहिल्याच वाक्यात सांग, त्यांनी विचारेपर्यंत थांबू नकोस. ते रागावतील. रागावू देत. त्यांनी कौतुक केलेल्या मसुद्यांपैकी सही झालेले आणि अजून चालू असलेले करार किती आहेत, याची यादीही सोबत ने, कारण त्यांचा पुढचा प्रश्न तोच असणार आहे, आणि ते सगळे करार तुला आता कंपेअर लावून पुन्हा वाचायचे आहेत.